भाजलेल्या जखमेवर केळीचे पान

पवार सरदारांबरोबर अठराव्या शतकात धार-देवासला येऊन स्थायिक झालेल्या आम्हां मराठी कुटुंबांनी आजीबाईचा बटवाही बरोबर आणला. चटका बसला की त्यातून काही ना काही निघावयाचेच. आमच्या धारच्या घरी एकदा दिवाळीच्या करंज्या तळताना सहा वर्षांच्या मुलीच्या हातावर उकळते तेल उडाले. आम्ही घाईघाईने हळद व तूप थापले आणि जुन्या धोतराची पट्टी बांधली. तिसऱ्या दिवशी ती पट्टी सोडविताना मुलीने फोडलेला टाहो आम्ही अद्याप विसरलो नाही. पट्टीबरोबर नवी नाजूक त्वचाही निघून आली. भाजलेल्या माणसाचे दुःख आगीपाशी संपत नाही. प्रत्येक पट्टीबरोबर ते पुन्हा सुरू होते.

या दुःखावर मुंबईच्या डॉक्टरांनी झाडापाल्यातूनच उपाय शोधला. वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी १९८५ साली उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. साल स्वतः जंतू मारीत नाही. ती जखमेचा ओलावा राखते आणि त्यामुळे त्वचा लवकर भरून येते. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान निर्जंतुक करून वापरले. ३० रुग्णांवर केलेल्या तुलनेत (२००३) पान सालीइतकेच गुणकारी ठरले, शिवाय अकरा पटींनी स्वस्त! पान मोठे, गुळगुळीत व मेणचट असते. ते जखमेला चिकटत नाही, म्हणून काढताना वेदना होत नाहीत.

नवल असे, की सुश्रुतसंहितेतही अतिदग्ध जखम गुळवेलीच्या किंवा कमळासारख्या पाणवनस्पतींच्या पानांनी झाकावी, असे सांगितले आहे. मात्र जुने ते सारेच सोने नव्हे. किंचित पोळलेल्या जागेला त्याच ग्रंथात शेक सांगितला आहे. आजचे वैद्यक नेमके उलट सांगते.

तेव्हा घरी काय करावे? भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. सूज येण्यापूर्वी बांगड्या-अंगठ्या काढाव्यात. बर्फ, तूप, हळद, शाई, दंतमंजन यांपैकी काही लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने सैलसर झाकावे. तान्हे मूल, चेहरा, हाताचा पंजा, सांधे, विजेचा धक्का किंवा तळहाताहून मोठी जखम असेल, तर तडक रुग्णालय गाठावे. कोरफडीचा गर अगदी लहान, न फुटलेल्या चटक्यापुरताच, तोही पाण्यानंतर. परसातले पान तोडून जखमेवर ठेवणे मात्र धोक्याचे. ते रुग्णालयात निर्जंतुक झालेलेच हवे.

धार जिल्ह्याच्या नर्मदाकाठी केळी पिकते, देवासकडे बटाटा. महागड्या पट्ट्या ज्यांना परवडत नाहीत, अशांसाठी या दोन्ही वस्तू आपल्या दारात आहेत. आमच्या भागातील डॉक्टर मंडळींनी त्यांचा अवश्य विचार करावा. आणि आम्ही गृहस्थांनी? येत्या दिवाळीत कढई चुलीवर चढविण्यापूर्वी मुलांना दूर बसवावे आणि पाण्याची भरलेली बादली जवळ ठेवावी. आमच्या घरी त्या वर्षापासून हा नेम आहे.