जेवताना जबडा सुजतो? अंगारा नको, तपासणी करा

आमच्या वस्तीतील एक मावशी भाकरीचा पहिला घास घेतला की जबडा धरून बसत. जबड्याखाली लिंबाएवढी सूज येई आणि तासा-दोन तासांनी उतरे. कुणी म्हणाले नजर लागली, कुणी म्हणाले गालगुंड. चार महिने लेप आणि अंगाऱ्यात गेले. अखेर सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी झाली, तेव्हा लाळेच्या नळीत अडकलेला खडा दिसला. डॉक्टरांनी तो तोंडातूनच काढला.

बंधु-भगिनींनो, लाळ तयार करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. खडे बहुतेक वेळा जबड्याखालच्या ग्रंथीत होतात. घास घेताच लाळ सुटते, वाट अडल्याने ती तुंबते, म्हणून सूज नेमकी जेवतानाच येते. यात नजरेचा काय संबंध?

अशा सुजेत बहुधा सोनोग्राफी आधी करतात. तीत क्ष-किरण नसतात, त्यामुळे ती गरोदर भगिनींनाही चालते. साध्या एक्स-रेत सर्वच खडे दिसत नाहीत. तो स्वच्छ आला म्हणून निर्धास्त राहू नये. बारीक खड्यासाठी सीटी स्कॅन करतात. गाठ किती खोल गेली आहे, हे एमआरआयमध्ये चांगले कळते. मुलांना ताप येऊन गाल सुजले, तर गालगुंड आहे की नाही हे डॉक्टर बहुधा पाहूनच ओळखतात; तिथे स्कॅनचा खर्च सहसा लागत नाही.

मात्र न दुखणारी गाठ दोन-तीन आठवडे राहिली, वाढू लागली किंवा तोंड वाकडे झाले, तर अजिबात थांबू नये. कानापुढच्या ग्रंथीतील दहांपैकी सुमारे आठ गाठी कर्करोगाच्या नसतात. पण नुसत्या फोटोवरून तशी खात्री देता येत नाही. त्यासाठी सुईने पेशी काढून तपासतात. सुई लावली की गाठ पसरते, ही भीती मनातून काढून टाकावी.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला भगवान बुद्धांचा धम्म दिला. दुःख आहे एवढ्यावर न थांबता त्याचे कारण शोधा, हीच त्या धम्माची शिकवण. डॉक्टरही तेच करतात. तपासणीपायी एक दिवसाची मजुरी बुडेल, पण अंगाऱ्यापायी गेलेले महिने परत येत नाहीत.