ग्रंथपालाची नवी विद्या

ग्रंथालयांत ग्रंथ असणें आणि तो वाचकाच्या हातीं येणें या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांना जोडणारा जो मनुष्य, त्यास आपण ग्रंथपाल म्हणतों. लहान गांवच्या वाचनालयांत त्यास बहुधा एवढें भारदस्त नांवही नसतें; देवघेवीच्या टेबलापाशीं बसणारी एखादी बाई अथवा एखादा गृहस्थ, इतकीच त्याची ओळख. परवांपरवांपर्यंत या मनुष्याची सारी विद्या त्याच्या स्मरणांत सांठविलेली असे. कोणतें पुस्तक कोणत्या कपाटांत, आणि कोणाच्या घरीं तें तीन महिने अडकून पडलें आहे, हें सर्व त्यास मुखोद्गत. आतां त्याच्या टेबलावर संगणक येऊन बसला आहे, आणि स्मरणांतील ती विद्या यंत्रांत उतरविण्याचें काम त्याच्याच गळ्यांत पडलें आहे. हें काम म्हणजे नुसती कारकुनी, असा पुष्कळांचा समज दिसतो. तो कितपत खरा आहे हें आमच्या वाचकांनीं पुढील हकीकतीवरून ठरवावें.

आमच्या राज्यांत १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यान्वयें मान्यता मिळालेल्या वाचनालयांस अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणें सरकारी अनुदान मिळतें. त्या अनुदानांतून पुस्तकें, जागा, दिवाबत्ती हें सर्व भागवून सेवकांच्या पदरांत काय पडत असेल, तें सुज्ञांस सांगावयास नको. आमच्या गांवच्या वाचनालयांत काम करणारी बाई आमच्याच शाळेची जुनी विद्यार्थिनी. वय पन्नाशीच्या पुढें. वाचनालयानें संगणक घेतला तेव्हां सर्व पुस्तकांची नोंद करण्याचें काम तिला न देतां बाहेरच्या एका ठेकेदारास दिलें गेलें. पुस्तकामागें अमुक पैसे या दरानें त्याच्या मुलांनीं तें दोन महिन्यांत उरकलें. उरकलें, हाच शब्द योग्य.

पुढें कांहीं वर्षांनीं जागेची अडचण भासूं लागली, म्हणून पांच वर्षांत एकदांही बाहेर न गेलेल्या पुस्तकांची यादी संगणकावरून काढण्यांत आली. ती पुस्तकें बाद करून रद्दींत घालावीं असा समितीचा विचार होता. यादीच्या पहिल्याच पानावर हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ पाहून ही बाई चकित झाली. यमूची ती कहाणी मागणारे वाचक वर्षांतून चार-दोन तरी येतातच, हें तिला ठाऊक होतें. चौकशी करतां उलगडा झाला. ती सकाळीं असते. सायंकाळीं दुसरा एक मुलगा असतो. तो बिचारा यंत्रांत पाही आणि ‘पुस्तक नाहीं’ म्हणून सांगे. पुस्तक कपाटांत होतें. परंतु यंत्राच्या लेखीं तें नव्हतें.

असें कां व्हावें? याचें मूळ आमच्या शुद्धलेखनांत आहे. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ सालीं मान्य झाले, आणि अनुच्चारित अनुस्वार मराठींतून गेले. तत्पूर्वीं छापलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘लक्षांत’ असें आहे. आजचा मुलगा ‘लक्षात’ असें लिहितो. आपणांस दोन्ही शब्द एकच. यंत्रास एका टिंबाचाही फरक म्हणजे निराळा शब्द. (आम्ही स्वतः वडिलांनीं घालून दिलेल्या जुन्या वळणानेंच अद्यापि लिहितों, हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. आमचा हा लेख कोणास यंत्रांत सांपडेल कीं नाहीं याची आम्हांस शंकाच आहे.) यावर कोणी म्हणेल कीं, यंत्रानें अनुस्वार सरसहा गाळूनच शोध घ्यावा. तसें केलें तर ‘अंग’ आणि ‘अग’ एक होतील, ‘वंश’ आणि ‘वश’ यांत भेद उरणार नाहीं. कोणता अनुस्वार उच्चारित व कोणता अनुच्चारित हें व्याकरण जाणणाऱ्या मनुष्यानेंच ठरवावें लागतें.

अक्षरांचा घोटाळा तर याहून सूक्ष्म आहे. पूर्वीं संगणकावरील मराठी टंक इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी आकृति बसवून केलेले असत; तो टंक ज्या यंत्रांत नाहीं तेथें तोच मजकूर उघडला म्हणजे रोमन अक्षरांचा अर्थशून्य पसारा दिसे. १९९१ सालीं युनिकोड या सर्वमान्य संकेतपद्धतीची पहिली आवृत्ति निघाली. तींत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतंत्र क्रमांक मिळाला, आणि ही पद्धति रूढ होत गेली तशी ती अडचण पुष्कळ अंशीं दूर झाली. तथापि ‘दुसऱ्या’ हा साधा शब्द घ्या. यांतील अर्धा र दोन रीतींनीं लिहितां येतो: ऱ या स्वतंत्र वर्णाचा पाय मोडून, अथवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढें एक अदृश्य जोडचिन्ह घालून. कागदावर दोन्ही रूपें हुबेहूब एकच. यंत्राच्या पोटांत मात्र निराळीं. ॲ या अक्षराचीही हीच गत. त्यास स्वतःचा क्रमांक २००८ सालीं मिळाला. त्यापूर्वीं अ वर चंद्र देऊन काम भागवीत असत, आणि तशा नोंदी आजही जागोजाग आहेत. ठेकेदाराच्या एका मुलानें एक रीत धरली होती, दुसऱ्यानें दुसरी. जें डोळ्यांस दिसत नाहीं तें ओळखून दुरुस्त करणें हें या बाईच्या वांट्यास आलें.

वर्णक्रमाविषयीं एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. युनिकोडांत ळ हें अक्षर ल च्या लगेच पुढें बसविलें आहे; आपल्या मराठी वर्णमालेंत त्याचें स्थान ह च्या नंतर. म्हणून यंत्रास मराठीची चाल सांगितली नसेल तर त्याच्या यादींत ‘काळ’ आधीं आणि ‘काव्य’ मागाहून येतें. पाणिनीच्या माहेश्वर सूत्रांत ळ मुळींच नाहीं, तेव्हां संस्कृतज्ञांस याचें सुखदुःख नसेल. परंतु आमच्या विद्यार्थिनीनें तो क्रम आपण होऊन ओळखला आणि यंत्रांत मराठीची चाल लावून घेतली, याचा आम्हांस फार आनंद झाला.

आतां नोंदीचा प्रकार. जगांतील बहुतेक ग्रंथालयांत ‘मार्क’ नांवाची एक पद्धति चालते. तींत पुस्तकाविषयींच्या प्रत्येक माहितीस क्रमांकाचें एकेक घर असतें. १०० हें घर ग्रंथकर्त्याचें, २४५ हें ग्रंथनामाचें, आणि २४६ हें त्याच ग्रंथाच्या इतर रूढ नांवांचें. ठेकेदाराच्या मुलांनीं २४६ हें घर सर्वत्र रितें ठेविलें होतें. टिळकांच्या ग्रंथाचें मुखपृष्ठावरील नांव ‘श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र’ असें आहे. लोक मागतात ‘गीतारहस्य’. यंत्र साधारणतः पुरा शब्द जुळवून पाहतें, त्यास सामासिक पदाचा विग्रह करतां येत नाहीं. म्हणून १९१५ सालचा तो ग्रंथराजही बाद करावयाच्या यादींत गेला! या बाईनें २४६ च्या घरांत ‘गीतारहस्य’ हा एक शब्द लिहिला, आणि त्याच आठवड्यांत तें पुस्तक एका वाचकानें नेलें. ‘पण लक्षांत कोण घेतो’ याच्याही नोंदींत मूळचें नांव जसेंच्या तसें ठेवून त्याच घरांत नवें रूप घातलें. मूळ बिघडवूं नये आणि नवें अडूं नये, असा हा मार्ग आहे.

ग्रंथकारांचें प्रकरण आणखी बिकट. राम गणेश गडकरी नाटककार म्हणून गडकरी, कवि म्हणून गोविंदाग्रज आणि विनोदकार म्हणून बाळकराम. यंत्रांत हे तीन भिन्न गृहस्थ होऊन बसले होते. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ या काळांतील मराठी ग्रंथांची जी सूचि सिद्ध केली, तींत असलीं कोडीं हातानें, एकेका पुस्तकाकडे पाहून सोडवावीं लागलीं असतील. आज यंत्र दिमतीला आहे. परंतु गोविंदाग्रज म्हणजे गडकरी हें त्यास कोणी तरी सांगावेंच लागतें.

हें सर्व ती कोठें शिकली, असा प्रश्न वाचकांच्या मनांत आला असेल. आमच्या वाचनालयांत ‘कोहा’ नांवाची प्रणाली आहे. न्यूझीलंडांतील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालय-संस्थेची जुनी प्रणाली २००० सालाचा उंबरठा ओलांडूं शकणार नव्हती, म्हणून तिनें ही नवी करवून घेतली, आणि जानेवारी २००० मध्यें ती चालू झाल्यावर सर्व जगास विनामूल्य खुली केली. माओरी भाषेंत कोहा म्हणजे, आपल्या शब्दांत सांगावयाचें तर, अहेर. घेणाऱ्यानें पुढें केव्हां तरी परत करावयाचा असा. ज्या ठिकठिकाणच्या ग्रंथपालांस ती अवगत आहे ते आपल्या अडचणी आणि उत्तरें आंतरजालावर एकमेकांस देतात. या बाईनें तेथेंच वाचून, प्रश्न विचारून शिक्षण घेतलें. प्रथम खऱ्या नोंदीस हात न लावतां दहा-पंधरा पुस्तकांच्या खोट्या नोंदी करून त्यांवर ती प्रयोग करी. “गुरुजी, बिघडलें तरी कोणाचें कांहीं जात नाहीं, म्हणून भीति गेली,” असें ती आम्हांस म्हणाली.

या रीतीस परदेशांतील एक प्रसिद्ध उदाहरण जुळतें. अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना संस्थानांत चार्लट या नगराचें सार्वजनिक ग्रंथालय आहे. तेथील हेलीन ब्लोअर्स या बाईंनीं २००६ च्या ऑगस्टांत सेवकांकरितां एक उपक्रम काढला. आंतरजालावरील नव्या साधनांचे २३ पाठ आणि मुदत ९ आठवडे. शिक्षक नाहीं, वर्ग नाहीं. प्रत्येकानें आपापल्या वेळीं साधन हाताळून पाहावें आणि काय जमलें, काय फसलें, तें आंतरजालावरील आपल्या रोजनिशींत लिहावें. पुरें करणारास गाणीं ऐकण्याचें एक छोटें यंत्र बक्षीस. पुढें जगांतील शेंकडों ग्रंथालयांनीं तो उचलला. त्या २३ पाठांतील रोलिओ, ब्लॉगलाइन्स अशीं कित्येक साधनें आज उरलीं नाहींत. लायब्ररीथिंग, फ्लिकर अशीं थोडीं चालू आहेत. त्या साधनांच्या नुसत्या कळा पाठ करणाराचें पाठांतर फुकट गेलें. परंतु अनोळखी साधन उघडून पाहण्याचें ज्याचें भय मोडलें, त्याचें कांहींच गेलें नाहीं. आम्हांस त्या उपक्रमांत सर्वांत मोलाची वाटली ती ही गोष्ट कीं, हें शिक्षण ग्रंथालयानें आपल्या कामाचाच भाग मानलें.

आमच्याकडे नेमकें हेंच होत नाहीं. ही बाई शिकली ती घरीं, रात्रीं जेवणखाण आवरल्यावर, मुलाच्या संगणकावर. त्या मुलाचीही आम्ही स्तुति करूं, कारण आमच्या बहुतेक घरांतून तरुण मंडळी वडीलधाऱ्यांस शिकवितात ती त्यांच्या हातांतून यंत्र ओढून घेऊन. ‘थांब, मी करून देतो’ या वाक्यानें काम होतें, विद्या येत नाहीं. हा मुलगा शेजारीं बसे आणि बोट लावीत नसे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या वाचनालयाच्या कार्यकारी समितीवर असतील. ठेकेदारास दिलेल्या पैशांत आपल्या सेवकास वर्षभर रोजचे दोन तास या कामास मोकळे देतां आले असते, हा हिशेब त्यांनीं एकवार मांडून पाहावा.

प्रत जीर्ण होऊन हातांत धरवत नसेल तर ती बाई आतां ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या जागतिक संग्रहांत शोध घेते. आपल्या कायद्याप्रमाणें ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनीं त्याचें लेखन सर्वांस खुलें होतें, म्हणून जुन्या मराठी ग्रंथांच्या छायाप्रती तेथें बऱ्याच आहेत. परंतु त्यांचीं नांवें रोमन लिपींत वाटेल तशीं लिहिलेलीं. एकच नांव चार-पांच परींनीं लिहून पाहावें लागतें. कोणती परी लागू पडली तें ती एका जुन्या वहींत टिपून ठेविते.

बाद करावयाच्या यादीवर समितीची सही अद्यापि व्हावयाची आहे. दिवाळीनंतरच्या सभेंत तो विषय निघेल. चार कपाटांच्या नोंदी तिनें तपासून पुऱ्या केल्या आहेत. सभेपूर्वीं पांचवेंही व्हावें असा तिचा बेत आहे. तें नाटकांचें कपाट आहे, आणि गडकरी त्यांतच आहेत.