बाल्साच्या पंखाची बांधणी आणि सफाई

१९६० साली स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळच्या ड्यूबेनडॉर्फ येथे रेडिओ-नियंत्रित विमानांची पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि अमेरिकेच्या एड काझमिर्स्की यांनी आपल्या 'ओरायन' विमानाच्या कसरतींवर विजेतेपद मिळवले, तेव्हा या विद्येला दोन तपेही पुरी झाली नव्हती. कारण मिशिगनमधील कॅलामाझूच्या वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी आपले 'गफ' नावाचे विमान बिनतारी हुकमतीखाली प्रथम उडवले ते १९३७ साली. एवढ्या अल्पावधीत संथ घिरट्यांपासून उलट्या उड्डाणापर्यंत जी मजल मारली गेली, तिचे श्रेय बहुधा प्रेषकयंत्राला आणि एंजिनाला दिले जाते. परंतु ज्या पंखावर त्या साऱ्या कसरतींचा भार पडत होता, त्याचा वाटा मला तितकाच मोठा वाटतो.

हा पंख बाल्साचा. मुख्यतः इक्वेडोरमधून येणारे हे लाकूड घनमीटरला साधारण १५० किलोग्रॅम, म्हणजे सागाच्या चौथाईच्या आसपास भरते. वजनाच्या मानाने ते विलक्षण ताठ, पण नखानेही त्याला खळगा पडतो. शिवाय एका गठ्ठ्यातील दोन फळ्या सारख्या नसतात, म्हणून जाणता कारागीर कठीण फळी तुळयांसाठी, म्हणजे स्पारसाठी, राखतो आणि मऊ फळी पंखाच्या टोकांसाठी. फासळ्या, पुढची कड, मागची कड आणि वर-खाली दोन तुळया एवढ्यावर सांगाडा उभा राहतो खरा. पण सूर मारलेले विमान झटक्याने वर खेचले की पंखावर विमानाच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, खालची तुळई ताणली जाते, वरची दाबली जाते आणि दोन फासळ्यांच्या मधोमध कोठेतरी ती वाकून मोडते. यावरचा उपाय इतका साधा आहे की तो टाळणाऱ्याचे नवल वाटावे: दोन्ही तुळयांच्या मधली पोकळी पातळ बाल्साच्या तुकड्यांनी बंद करायची, आणि त्या तुकड्यांच्या लाकडाच्या रेषा उभ्याच ठेवायच्या. रेषा आडव्या ठेवल्या, तर तुळयांच्या दाबाखाली तोच तुकडा चिरतो. काही ग्रॅमच्या मोबदल्यात मिळणारी एवढी मजबुती पंखात दुसरीकडे कोठेही मिळत नाही.

वाकवणारा जोर मुळाशी सर्वांत अधिक असतो. तेथे दोन्ही अर्धे किंचित वर उचललेल्या कोनात जोडलेले असतात. म्हणून त्या सांध्यात प्लायवुडचा कोनी तुकडा घालतात आणि वरून राळेत भिजवलेल्या काचतंतूच्या कापडाचा पट्टा गुंडाळतात. मात्र ही मजबुती एकाएकी संपता कामा नये. प्लायवुड चौकोनी कापून सोडून दिले, तर पंख सांध्यात न मोडता नेमका त्याच्या टोकाशी मोडतो, म्हणून ते निमुळते करत न्यावे आणि कापडाचे थरही एकाच रेषेत संपवू नयेत.

वाकण्याहून फसवा असतो पीळ. पुढच्या कडेपासून तुळईपर्यंत वर-खाली पातळ फळी मढवली, की ती आणि तुळयांमधली उभी भिंत मिळून एक बंद नळी तयार होते आणि पिळाला मोठा अटकाव होतो. उरलेला बंदोबस्त करते ती सफाई, आणि या कलेचे मर्म मला येथेच दिसते. ओले रेशीम सांगाड्यावर ताणून बसवायचे, कडा डोपने चिकटवायच्या, आणि कापड सुकल्यावर पातळ केलेल्या डोपचे हात एकावर एक द्यायचे. डोप म्हणजे सेल्युलोजपासून केलेले लॅकर. ते सुकताना आकसते, रेशीम ताठ होते, आणि जे आवरण शोभेचे वाटत होते ते पिळाला विरोध करू लागते. तेच आकसणे पंख पिळूनही टाकते, म्हणून डोप सुकेपर्यंत पंख सपाट पाटावर जखडून ठेवतात आणि डोपमध्ये एरंडेलाचे थोडे थेंब मिसळून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. एरंडेल इंधनातही असते. परंतु त्याच्या जोडीला असलेले मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन नायट्रेट डोपला विरघळवतात, तेव्हा चिकटण्यासाठी खाली नायट्रेट आणि रक्षणासाठी वर ब्युटिरेट जातीचे डोप असा शिरस्ता पडला. हा क्रम उलटा चालत नाही. रंगाचे डोप जड असते. म्हणून लाकडाची रंध्रे आधी टाल्कम पावडर मिसळलेल्या डोपने भरून, बारीक काचकागदाने घासून, रंगाचा हात शक्य तितका पातळ ठेवण्यातच खरे कसब.

साठीच्या दशकात शिकागोच्या टॉप फ्लाइट कंपनीने, म्हणजे काझमिर्स्कींच्याच 'टॉरस' विमानाचे संच विकणाऱ्या कंपनीने, इस्त्रीने चिकटवायचे 'मोनोकोट' हे फिल्मचे आवरण बाजारात आणले आणि आठवड्याचे काम एका संध्याकाळवर आले. इंधनाला ते दाद देत नाही, त्याला उग्र वासही नाही. पण डोप दिलेल्या रेशमाइतका ताठपणा त्यात नाही. जुन्या नकाशाबरहुकूम पंख बांधून त्यावर फिल्म चढवणारा माणूस त्या पंखाचा एक आधार नकळत काढून घेत असतो. म्हणून आवरणापूर्वी पंखाची दोन्ही टोके धरून हलकेच पिळून पाहावीत, आणि सांगाडा सैल वाटला तर फासळ्यांच्या दरम्यान तिरप्या पट्ट्या तेव्हाच बसवाव्यात. फिल्म चढल्यावर ती सोय उरत नाही.