फुग्याने सावरलेले हृदय

मोठ्या हार्ट अटॅकनंतर आयसीयूबाहेर डॉक्टर सांगतात, ‘बलून पंप लावावा लागेल.’ नातेवाइकांना वाटते, अँजिओप्लास्टीतलाच तो फुगा. पण तो तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी करून लगेच बाहेर येतो. हा जांघेतल्या धमनीतून महाधमनीत जाऊन बसतो आणि थकलेल्या हृदयाला काही तास, काही दिवस साथ देतो.

त्याची सारी करामत वेळ साधण्यात आहे. हृदय सैलावले की सुमारे ४० मिलिलिटर हेलियमने तो फुगतो आणि रक्त मागे, हृदयाच्याच धमन्यांकडे रेटतो. हृदय पुन्हा आकुंचन पावणार, त्याच्या क्षणभर आधी तो मिटतो. समोरचा दाब उतरल्याने रक्त बाहेर टाकायला कमी जोर लागतो. मिटायला उशीर झाला, तर तोच हृदयाची वाट अडवतो. म्हणून यंत्र ईसीजीच्या तालावर चालते. हेलियम इतका हलका, की बारीक नळीतून झटकन आत-बाहेर होतो!

कृत्रिम मूत्रपिंडाचे जनक विलेम कोल्फ यांच्या क्लीव्हलंडमधील प्रयोगशाळेत स्पिरिडॉन मूलोपूलोस यांनी १९६२मध्ये ही कल्पना मांडली. १९६७मध्ये ब्रुकलिनच्या एड्रियन कांट्रोविट्झ यांनी हा पंप रुग्णाला प्रथम लावला. त्याच वर्षी त्यांनी एका बाळावर अमेरिकेतले पहिले हृदयप्रत्यारोपण केले. ते बाळ काही तासच जगले. इतिहासात गाजले ते प्रत्यारोपण. माझ्या मते त्यांचे मोठे काम हा फुगाच.

तरीही सुंदर कल्पना म्हणजे पुरावा नव्हे. २०१२मध्ये जर्मनीत, हार्ट अटॅकमुळे शॉकमध्ये गेलेल्या ६०० रुग्णांवरील चाचणीचा निकाल आला. महिनाभरातले मृत्यू पंप लावलेल्यांत सुमारे ४०, न लावलेल्यांत ४१ टक्के. म्हणजे फरक नाहीच. साडेचार दशके सर्रास वापर झाल्यावर हे कळले.

आता हृदयाच्या डाव्या कप्प्यातून रक्त ओढून महाधमनीत सोडणाऱ्या इवल्याशा पंपाचा, इम्पेलाचा, बोलबाला आहे. २०२४च्या चाचणीत निवडक रुग्णांमधले सहा महिन्यांतले मृत्यू ५८.५वरून ४५.८ टक्क्यांवर आले. पण रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणे आणि डायलिसिसची गरज वाढली.

ही यंत्रे आजार बरा करत नाहीत, वेळ मिळवून देतात. म्हणून घरातल्या कुणावर ती वेळ आली, तर डॉक्टरांना जरूर विचारा: मिळालेल्या वेळात पुढे काय करणार आहात?