रुग्णसेवकांचा परवाना आणि त्यांचे वेतन

रुग्णशय्येवर पडलेल्या मनुष्याची डॉक्टरांशी गाठ पडते ती दिवसातून काही मिनिटांची. परिचारिका औषधाच्या वेळी येते आणि पुढील खाटेकडे वळते. त्याला कुशीवर वळविणे, अंग पुसणे, मलमूत्राचे भांडे देणे व नेणे, घास भरविणे, ताप व रक्तदाब मोजून तक्त्यावर मांडणे, ही कामे ज्यांच्या हातून होतात त्यांचे नावही आपण बहुधा विचारीत नाही. अमेरिकेतील रुग्णालयांत त्यांना पेशंट केअर टेक्निशियन म्हणतात. तेथे त्यांपैकी पुष्कळजण रक्ताचे नमुने घेतात, ईसीजीही काढतात. आपल्या मॉरिशसच्या सरकारी रुग्णालयांत यांतील बरेचसे काम हेल्थ केअर असिस्टंट करतात.

या सेवकांना कायद्याने परवाना असावा काय, आणि त्यांचे वेतन वाढावे काय, हा अमेरिकेतील वाद आपणही समजून घेण्याजोगा आहे. आपली मुलेमुली अशी कामे येथे व परदेशी करीत आहेत. शिवाय या बेटावर प्रौढांपैकी सुमारे पाचांत एक मधुमेही आहे, तेव्हा या हातांची गरज कोणत्या घराला केव्हा पडेल हे सांगता येत नाही.

‘यात शिकण्यासारखे काय आहे?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी शय्याव्रण एकदा पाहावा. हालचाल न करू शकणारा रुग्ण तासन्‌तास एकाच अंगावर राहिला की हाडाखालचा रक्तपुरवठा दबतो, कातडी प्रथम लाल होते, मग फाटते, आणि मधुमेह्याची जखम भरता भरत नाही. ती लाली वेळीच ओळखणारा डोळा बहुधा त्याला आंघोळ घालणाऱ्याचाच असतो. रक्तदाब मोजण्याचेही तसेच. दंडाच्या मानाने पट्टा लहान पडला तर आकडा खोटाच वर चढतो, आणि त्या आकड्यावर डॉक्टर औषध ठरवितात.

अमेरिकेत १९८७ साली शुश्रूषागृहांसंबंधी कायदा झाला. त्यान्वये तेथील नर्सिंग असिस्टंटला किमान ७५ तासांचे शिक्षण व परीक्षा आवश्यक ठरली, आणि प्रत्येक राज्याने त्यांची नोंदवही ठेवावी असे ठरले. रुग्णाला छळल्याचे किंवा लुबाडल्याचे सिद्ध झाले तर तेही त्या वहीत लिहिले जाते. परंतु हा नियम शुश्रूषागृहांचा. रुग्णालयातील टेक्निशियनकरिता देशभर लागू असा परवाना नाही. खाजगी संस्थांची प्रमाणपत्रे आहेत, ती मागावयाची की नाही हे बहुधा रुग्णालयच ठरविते. डायलिसिसचे यंत्र चालविणाऱ्यांना मात्र २००८ च्या नियमांनी प्रमाणपत्र सक्तीचे केले. याच देशात अनेक राज्ये केस कापण्याच्या परवान्यासाठी हजार किंवा अधिक तासांचे शिक्षण मागतात! केशकर्तनाविषयी मला पूर्ण आदर आहे. तथापि बिघडलेले केस महिन्याभरात पुन्हा वाढतात.

तेव्हा परवाना द्यावा, म्हणजे प्रश्न सुटला, असे कोणी म्हणेल. वाचकहो, करारबद्ध मजुरांच्या वंशजांनी ‘परवाना’ हा शब्द इतक्या सहजपणे स्वीकारू नये. १८६७ च्या कायद्यानंतर, करार पुरा केलेल्या आपल्या पूर्वजांनाही छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगावा लागे. ते नसले की भटक्या म्हणून अटक होई, आणि हरवलेल्या तिकिटाऐवजी नवे घ्यावयाचे तर पैसे मोजावे लागत. कागद मजुराच्या खिशात असे, उपयोग मळेवाल्याचा होई. म्हणून रुग्णसेवकाच्या परवान्याविषयीही प्रथम हेच विचारले पाहिजे, की याचा खर्च कोणी भरावयाचा? शिकवणीची फी, परीक्षेची फी, नूतनीकरणाची फी सेवकाने भरावी आणि पगार मात्र होता तोच राहावा, अशी व्यवस्था झाली तर तो गरिबावरील नवा करच होय. अमेरिकेच्या त्या कायद्यात या बाबतीत एक शहाणे कलम आहे: शुश्रूषागृहाने नोकरीस ठेवलेल्या सेवकाकडून या शिक्षणाचे पैसे घेता येत नाहीत.

नोंदणीने वेतन आपोआप वाढत नाही, हेही तेथेच दिसून आले. २०२३ साली अमेरिकेत नर्सिंग असिस्टंटचे मध्यम वार्षिक वेतन सुमारे ३८,००० डॉलर होते, नोंदणीकृत परिचारिकेचे सुमारे ८६,०००. शिक्षणात अंतर आहे, म्हणून वेतनातही असावे हे मान्य. पण पाठ मोडणाऱ्या या कामाचा मोबदला इतका तोकडा असेल तर शिकलेला माणूस टिकत नाही, आणि रुग्णाच्या वाट्याला पुन्हा नवखे हात येतात. वेतन वाढविल्यास खर्च वाढेल, असे रुग्णालयांचे चालक म्हणतात. नवख्यांना पुनःपुन्हा शिकविण्याचा खर्च ते कोणत्या वहीत लिहितात?

आपल्याकडे परिचारिकांची नोंदणी करणारी परिषद आहे, आणि सरकारी नोकरांची वेतनश्रेणी पे रिसर्च ब्युरो सुचविते. खाजगी वृद्धाश्रमातील सेविकेला मात्र त्या ब्युरोचा आधार नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी अशा एका ठिकाणी रात्रपाळी करते. ‘गुरुजी, मला तीन दिवस एका वयस्क बाईंनी दाखविले, चौथ्या रात्री मी एकटी होते,’ असे तिने सांगितले, तेही तक्रारीच्या स्वरात नव्हे.

तिच्यासारख्यांची नोंदवही सरकारने ठेवावी, शिक्षणाचा खर्च मालकाने किंवा सरकारने सोसावा, आणि नाव वहीत चढले त्या महिन्यापासून पगारही चढावा, असे मला वाटते. परीक्षेविषयी शिक्षक म्हणून एक सूचना करतो. ती इंग्रजी कागदावर घेऊ नये. शाळेत इंग्रजीच्या कागदाने मागे ढकललेली कितीतरी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांपैकी काहींचे हात फार चांगले आहेत. परीक्षा खाटेपाशी घ्यावी, प्रश्न क्रिओलमध्ये विचारावेत, आणि वर्षानुवर्षे हे काम करीत आलेल्यांना तयारीसाठी पगारी रजा द्यावी.