घरच्या दुरुस्तीसाठी यांत्रिक अवजारे : स्वस्त घ्यावीत की महाग?

दि. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झाला, पण मुख्य पीक धानच राहिले. पूर्वी बैलांच्या साहाय्याने होणारी चिखलणी आज बहुतेक गावांत ट्रॅक्टरने किंवा पॉवर टिलरने होते. त्यामुळे अनेक घरांत अवजारांची पेटी आली आहे. केजव्हील चढवणे-उतरवणे, फाळाला धार लावणे, गंजलेला बोल्ट कापणे, मोटारसायकलचे चाक काढणे ही कामे शेतकरी आता घरीच करतात. त्यासाठी ग्राइंडर, ड्रिल मशीन किंवा बॅटरीवरचे नट खोलण्याचे यंत्र घ्यायला दुकानात गेल्यावर एकाच मापाची दोन यंत्रे समोर येतात. एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट असते. अशा वेळी कोणते घ्यावे, याचा विचार या लेखात केला आहे.

प्रस्तुत लेखकाचा विषय कृषिविद्या आहे. तरीही या विषयाकडे वळण्यास एक अनुभव कारणीभूत झाला. एका खरिपात घरच्या ट्रॅक्टरचे मागचे चाक खोलताना मी स्वस्तात घेतलेला गोटी पाना नटावर फिरला आणि नटाचे कोपरे गोल झाले. नट कापून नवीन बसवेपर्यंत दोन दिवस गेले. बांधीत पाणी होते, पऱ्हे तयार होते, पण चिखलणी न झाल्याने रोवणीच्या बाया दुसऱ्याच्या शेतावर गेल्या. धानाचे पऱ्हे साधारणपणे २१ ते २५ दिवसांचे असताना रोवावेत. त्यापुढे वय वाढत गेले की फुटवे कमी येतात. पान्यात वाचवलेले पैसे अशा रीतीने पिकातून गेले.

वापराचे तास मोजावेत

यंत्राची किंमत पाहण्यापूर्वी ते वर्षातून किती तास चालेल, याचा अंदाज घ्यावा. समजा, एक ग्राइंडर १,५०० रुपयांचा असून तो ६० तास टिकतो. दुसरा ४,००० रुपयांचा असून तो ४०० तास टिकतो. पहिल्याचा खर्च तासाला २५ रुपये, तर दुसऱ्याचा १० रुपये पडतो. हिशेबाने महागडा ग्राइंडर परवडतो. परंतु घरी वर्षातून दहाच तास काम असेल, तर ४०० तास पूर्ण व्हायला ४० वर्षे लागतील. अशा शेतकऱ्याला स्वस्त ग्राइंडर पुरेसा आहे. ज्याच्याकडे भाड्याने चालणारा ट्रॅक्टर, मळणी यंत्र आणि शेजाऱ्यांचीही कामे आहेत, त्याने मात्र चांगला ग्राइंडर घ्यावा.

महाग यंत्रात जास्त काय असते?

चांगल्या यंत्रात सहसा सर्व ठिकाणी बॉल बेअरिंग असतात. काही स्वस्त यंत्रांत त्याऐवजी बुश असते व ते लवकर झिजते. काहींच्या वाइंडिंगमध्ये तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनिअमची तार असते आणि ती लवकर तापते. स्वस्त यंत्र सलग चालवू नये. त्यावर जोर देऊ नये. काम थांबवताना ते अर्धा मिनिट रिकामे फिरू द्यावे, म्हणजे आतील पंख्याने मोटार थंड होते. खरेदी करताना दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा : याचे कार्बन ब्रश, आर्मेचर व स्विच गोंदियाच्या बाजारात मिळतात काय? सुटा भाग मिळत नसेल, तर महाग यंत्रही रोवणीत बिनकामाचे ठरते.

बॅटरीच्या यंत्रावरील आकडे

खोक्यावरील मोठ्या व्होल्टच्या आकड्याला भुलू नये. लिथिअम बॅटरीच्या एका सेलचा दाब सरासरी ३.६ व्होल्ट व पूर्ण चार्ज असताना सुमारे ४.२ व्होल्ट असतो. पाच सेल जोडले की १८ व्होल्ट होतात, आणि पूर्ण चार्ज असताना २१. म्हणजे पाच सेलचे १८ व्होल्टचे आणि २१ व्होल्टचे यंत्र दाबाच्या दृष्टीने एकच. आत पाचच सेल असतील, तर खोक्यावर ४८ लिहून दाब वाढत नाही.

येथे काटकसर करू नये

१) पाने व गोट्या : यंत्र स्वस्त चालेल, पण नटाला भिडणारी गोटी चांगल्या पोलादाची असावी. बाराकोनीपेक्षा सहाकोनी गोटी घ्यावी, कारण ती नटाच्या सपाट बाजू धरते. धक्क्याने फिरणाऱ्या यंत्रावर चकचकीत साधी गोटी लावू नये, ती तडकते. त्यासाठी इम्पॅक्टची काळी गोटी मिळते. हाताची अवजारे आपल्या राज्यातही चांगली बनतात. नाशिकच्या टपारिया कंपनीने १९६९ साली स्वीडनच्या तांत्रिक सहकार्याने हे उत्पादन सुरू केले. (कंपनीचे नाव माहितीसाठी आहे, शिफारस समजू नये.)

२) जॅक व घोडी : जॅक केवळ उचलण्यासाठी असतो. चाक काढण्यापूर्वी ट्रॅक्टरखाली लोखंडी घोडी लावावी. विटांवर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यावर भरवसा ठेवू नये. जमीन ओली असेल, तर खाली जाड फळी टाकावी.

३) चकती : चार इंची ग्राइंडर रिकामा मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. सात इंची चकतीवर साधारण ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला ८० मीटर. गार्ड काढून ती चार इंची ग्राइंडरवर लावली, तर कडेचा वेग १०० मीटरच्या वर जातो आणि चकती फुटू शकते. तिचा तुकडा तोंडावर बसल्यास डोळा कायमचा जातो. म्हणून गार्ड काढू नये व डोळ्यांवर चष्मा लावावा. लाकूड कापण्याचे पाते ग्राइंडरला कधीही लावू नये.

४) वीज : ओल्या जागी काम करू नये. यंत्रावर चौकोनात चौकोन अशी दुहेरी इन्सुलेशनची खूण पाहावी. घरी ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा. लांब व बारीक जोडवायरने दाब घटतो आणि यंत्र तापते, म्हणून जाड वायर वापरावी.

५) आग : ग्राइंडरच्या ठिणग्या दूरवर उडतात. तणसाच्या ढिगाजवळ किंवा डिझेलच्या डब्याजवळ ग्राइंडर चालवू नये.

नट घट्ट करताना

बॅटरीचे यंत्र नट खोलण्यासाठी उत्तम आहे. घट्ट करताना ते हलकेच वापरावे आणि शेवटची पकड टॉर्क पान्याने, ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाने द्यावी. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत. तासभर काम झाल्यावर ते पुन्हा तपासावेत. टॉर्क पाना एकट्याला महाग वाटल्यास चार शेतकऱ्यांनी मिळून घ्यावा.

सारांश, क्वचित लागणारे यंत्र स्वस्त घेण्यास हरकत नाही. ते झिजले, तर आपला वापर जास्त आहे असे समजावे आणि पुढचे यंत्र चांगले घ्यावे. पण गोटी, घोडी, चकती आणि वायर पहिल्यापासूनच चांगली असावी. मृग लागण्यापूर्वी पेटी एकदा उघडावी, चाकाचा प्रत्येक नट एकदा सैल करून पुन्हा आवळून पाहावा. जो नट मे महिन्यात हलत नाही, तो रोवणीच्या दिवशीही हलणार नाही, आणि मे महिन्यात तो बदलायला आपल्याकडे वेळ असतो.