परतीची वाट

सोमवार, बुधवार व शुक्रवार या मुक्रर दिवशी, पहाटे साडेपाचाच्या सुमारास, शुक्रवार पेठेतील आमच्या बोळाच्या तोंडाशी एक रिक्षा येऊन उभी राहते, आणि तिचा आवाज कानी पडताच माझे थोरले बंधू, ज्यांना सारी गल्ली अण्णा म्हणते, कागदपत्रांची पिशवी उजव्या खांद्याला अडकवून उंबरठा ओलांडतात. डाव्या हाताला ते कशाचाही धक्का लागू देत नाहीत. त्या हाताची रोहिणी व नीला शस्त्रक्रियेने एकमेकींस जोडलेल्या आहेत. मनगटाच्या वर हलकेच बोट टेकवले तर आत भुंगा गुणगुणावा तशी थरथर जाणवते, आणि ती चालू असल्याची खात्री अण्णा सकाळी उठताच, देवाला हात जोडण्याच्याही आधी, करून घेतात. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 1966 साली ही योजना जगापुढे मांडली, म्हणूनच वर्षानुवर्षे आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणे व घरी येणे सुकर झाले.

जाणे व येणे हे दोन निराळे प्रवास आहेत. जाताना अंगात पाणी साचलेले, धाप लागलेली, तरी माणूस स्वतःच्या पायांनी चढतो. परंतु चार तासांत यंत्राने दोन-अडीच लिटर पाणी ओढून घेतल्यावर रक्तदाब उतरतो, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि सोलापूरच्या भर उन्हाळ्यातही अण्णांना हुडहुडी भरते. सबब रिक्षावाले मामा आसनावर एक जुनी सोलापुरी चादर घडी करून ठेवतात आणि रुग्ण पुरता सावरून उभा राहिल्याखेरीज घाई करीत नाहीत.

सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसची तरतूद केली, एसटीत अशा रुग्णांना सवलत दिली, 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आणीबाणीत धावू लागली. या साऱ्याचे मोल मी जाणतो. तथापि वर्षाच्या 156 पाळ्या म्हणजे 312 फेऱ्या, आणि बोळापासून इस्पितळापर्यंतचे रिक्षाभाडे मात्र ज्याच्या त्याच्या खिशातून! रुग्णास सुखरूप घरी पोचविणे हे उपचाराचेच अंग मानून त्याची तजवीज झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

2025 च्या जानेवारीची 13 तारीख सोमवारी आली. सिद्धेश्वरांच्या यात्रेतील तैलाभिषेकाचा तो दिवस; पांढऱ्या बाराबंदीतील भक्तांनी पेललेले सात नंदीध्वज नगरप्रदक्षिणेस निघालेले, रस्ते गर्दीने भरलेले. मामांनी रिक्षा कडेला घेतली. ‘‘अण्णा, टेकून बसा, काठ्या जाऊ देत,’’ ते म्हणाले. चादरीत गुरफटलेल्या अण्णांनी डोळे उघडले, उजवा हात तेवढा कपाळाशी नेला. डावा, सुयांच्या जागी ताज्या पट्ट्या असलेला, मांडीवरच्या उशीवर तसाच राहिला.